पाऊस, गल्ला आणि कापसाचा भाव

स. न.

अमळनेर तालुक्यात आपले कृषी सेवा केंद्र आहे, मुदत ठेवीचे सहा लाख रुपये सुटले आहेत आणि यंदा पाऊस चांगला झाल्याने त्यातून कापूस घेऊन मार्चपर्यंत धरून ठेवावा का, असे आपण विचारता. आपला आधार असा, की वहीतल्या अकरा वर्षांत पाऊस चांगला तेव्हा गल्ला चांगला आणि कापसाला भाव चांगला तेव्हाही गल्ला चांगला. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी भावही चढणार.

पहिली दोन विधाने मला मान्य आहेत, पण तिसरे त्यांतून निघत नाही. आपण पाठवलेल्या आकड्यांवरून दोन्ही सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने चढतात-उतरतात याचे उणे 1 ते 1 मधले माप, सुमारे 0.6 येतात. एवढ्यावरून पाऊस आणि भाव यांचा सहसंबंध उणे 0.28 पासून 1 पर्यंत कोठेही असू शकतो, म्हणजे तो उलटाही निघू शकतो. या दोन्ही सहसंबंधांच्या वर्गांची बेरीज 1 च्या वर गेली तरच तिसरा संबंध नक्की धन, म्हणजे सुलटा, ठरतो. येथे ती 0.72 आहे. पावसाच्या वर्षी खते आणि फवारणीची औषधे जास्त खपतात, तर भावाच्या वर्षी मागची उधारी वसूल होते. गल्ला दोन्ही वेळा भरतो, पण निरनिराळ्या कारणांनी. शिवाय सगळीकडेच पीक चांगले आले तर आवक वाढून भाव दबतो. सुताची मागणी आणि आयात शुल्क तर अमळनेरच्या पावसाला विचारतही नाहीत.

2021-22 च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. पुढच्या वर्षी त्याच आशेने खानदेशात घरोघरी कापूस पडून राहिला, माणसांच्या अंगाला खाज सुटली, वजनात घट आली, भाव मात्र त्या पातळीला परतला नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. आपली उधारी आधीच कापसाच्या भावावर टांगलेली आहे. त्यात कापूसच घेतला, तर भाव पडल्यावर उधारी आणि साठा दोन्ही एकदम अडकतील. शेतकऱ्याला निदान हमीभावाच्या केंद्राचा आधार असतो. विकत घेतलेल्या कापसाला, सातबाऱ्यावर आपल्या पिकाची नोंद नसल्याने, तोही मिळणार नाही.

तेव्हा दुकानाचे कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचे खेळत्या भांडवलाचे कर्ज, आधी फेडावे, कारण तेथे वाचणारे व्याज निश्चित आहे, आणि उरलेली रक्कम वर्षभराच्या ठेवीत घालावी. तरीही मन मानत नसेल, तर गल्ल्याचा रकाना झाकून केवळ पाऊस आणि भाव शेजारी मांडून पाहावेत. अकरा वर्षे तशी थोडीच, पण आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेले आकडे तेवढेच आहेत.