रावपुऱ्यातलं घर ठेवायचं की विकायचं?
परदेशात मुलाकडे कायमचं जाताय ना? मग आधी ठरवा, वर्षातून दोन महिने तरी बडोद्यात राहणार का? नसाल तर घर ठेवू नका. बंद घर पावसाळ्यात खचतं. भिंतींना ओल, कपाटामागे वाळवी. तळमजला असेल तर ऑगस्ट 2024 चा विश्वामित्रीचा पूर आठवा. ‘भाचा बघेल’ हे चार दिवस चालतं.

विकायचंच असेल तर करासाठी भारतात निवासी असतानाच विका. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराच्या नफ्यावर 12.5 टक्के कर भरायचा की इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) घेऊन 20 टक्के, ही निवड अनिवासींना नाही. शिवाय घेणारा टीडीएसही, म्हणजे पैसे देतानाच कापायचा करही, जबर कापतो. भाड्याने दिलंत तर भाडेकरूलाही तो कापावा लागतो. ऐकूनच बरेच जण पळतात. काहीही ठरवा, देश सोडण्याआधी मुखत्यारपत्र (तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) नोंदवून ठेवा.