बुलेटच्या बदल्यात जुनी ठासणीची बंदूक मिळतेय, तिची किंमत कशी ठरवावी?

तुम्ही लिहिलंय की भोकरदनकडचा एक ओळखीचा माणूस तुमची जुनी बुलेट मोटारसायकल मागतोय आणि बदल्यात घरातली टोपीची, म्हणजे छोट्या स्फोटक टोपीवर घोडा आपटून बार उडवणारी, ठासणीची बंदूक देतोय. घोड्याजवळच्या पट्टीवर सिंहाचा शिक्का आहे, बंदूक इंग्रज-मराठ्यांच्या आसईच्या लढाईतली आहे आणि दीड लाखाला कुठेही जाईल, असं त्याचं म्हणणं. आमच्या घरात बंदूक दुरुस्तीचं काम होतं, अशा बंदुका मी पुष्कळ पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागद बघा. परवाना नसेल तर ती बंदूक तुमच्यासाठी शून्य रुपयांची आहे, मग ती कितीही जुनी असो. ‘ठासणीचीच तर आहे, तिला कशाला परवाना लागतो’ हे गावोगाव ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या, कालबाह्य शस्त्रांना सूट आहे. पण दुरुस्त करूनही जिचा बार उडू शकणार नाही, अशाच बंदुकीला ती लागू होते. घोडा चालतो, नळी शाबूत आहे, म्हणजे ती कायद्याने बंदूकच. परवाना आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा वारले असतील, तर वारसांनी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून आपल्या नावे परवाना मागायचा असतो. आपल्याकडे कित्येक घरांत आजोबा गेले आणि बंदूक माळवदाच्या खोलीत तशीच राहिली. अशी बंदूक विकण्याचा हक्क नातवाला नाही आणि ती घरी नेली तर गुन्हा तुमच्यावरही दाखल होईल.

परवाना दोघांकडेही असेल, तरी देणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं असतं. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर विषय तिथेच संपला.

आता आसईची गोष्ट. लढाई झाली 23 सप्टेंबर 1803 ला. त्या काळी इंग्रजांच्या पलटणी चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या, बंदुका वापरत. टोपीची बंदूक इंग्रजी फौजेत सरसकट आली ती 1840 च्या आसपास. सिंहाचा शिक्काही इथे गोष्टीच्या विरोधात जातो. कंपनी सरकारच्या बंदुकांवर आधी बदामाच्या आकाराचं चिन्ह असायचं, उभा सिंह आला तो 1808 नंतर. एखादी चकमकीची बंदूक पुढे टोपीची करून घेतलेली असू शकते, पण तसं असेल तर पट्टीवर बारूदकानाच्या, म्हणजे ठिणगी पडायची ती दारूची वाटी असायची त्या, जागी बुजवलेली भोकं दिसतात. भिंग घेऊन बघा. भोकं नसतील आणि सिंह मात्र असेल, तर ती बंदूक आसईला नव्हती.

म्हणून ती टाकाऊ ठरते असं नाही. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आताचं अंबाजोगाई, जालना, औरंगाबाद या छावण्यांत निजामाच्या खर्चाने पोसलेली हैदराबाद काँटिंजंट ही फौज 1903 पर्यंत होती. फौजेतून बाद झालेली एखादी बंदूक आपल्या भागात सापडणं अशक्य नाही. पण शक्य असणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं. घरात एखादा जुना उर्दू कागद असेल तर वाचून घ्या. त्यावर 1335 असं साल दिसलं तर बहुधा ते फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं असेल. त्यात 590 मिळवा, म्हणजे 1925 च्या आसपासचा कागद झाला. आपल्या जुन्या जमिनीच्या कागदांवरही हेच साल असतं. असा कागद आजचा परवाना म्हणून चालणार नाही, पण बंदूक त्या घरात केव्हापासून आहे हे त्यावरून कळतं आणि जाणकार गिऱ्हाईक त्याचे पैसे देतो. नुसत्या तोंडी गोष्टीचे देऊ नका.

बंदूक हातात घेण्याआधी ती भरलेली आहे असंच धरून चाला. नळीचं तोंड भिंतीकडे ठेवा, आपण बाजूला राहा. ठासायचा गज हळूच आत सोडा, तो टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर खडूची खूण करा. मग गज बाहेर काढून नळीला लावून धरा. गजाचं टोक टोपी बसते त्या जागेच्या अलीकडेच चांगलं वीतभर थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. गंज असेल, चिंध्या असतील, नाहीतर पन्नास वर्षांपूर्वी ठासलेला बार असेल. काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेट घेते. अशा वेळी टोकरत बसू नका, परवानाधारक कारागिराकडूनच ती रिकामी करून घ्या.

मग खरी पारख करा. टोपीची जागा आणि तिच्या भोवतालची नळी नीट बघा. वापरलेल्या बंदुकीत तिथे बारीक खड्डे पडलेले असतात, कारण टोपीतल्या मसाल्याने लोखंड खाल्लेलं असतं. बंदुकीवर सगळीकडे सारखा गंज आणि नेमकी ही जागा गुळगुळीत, असं दिसलं तर ती दिवाणखान्यात टांगायला बनवलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी. ‘टॉवर’ (लंडनच्या शस्त्रागाराचं नाव) आणि मुकुट कोरलेल्या अशा नकला बाजारात खूप आहेत. खरा शिक्का ठोकून उठवलेला असतो, त्याच्या कडा धारदार असतात. ओतीव नकलेत अक्षरं बोथट आणि रवाळ दिसतात. वायव्य सरहद्दीकडच्या, खैबर भागातल्या नकलांत तर ‘व्ही. आर.’ या व्हिक्टोरिया राणीच्या अक्षरांखाली 1905 सारखं साल सापडतं, आणि राणी वारली जानेवारी 1901 मध्ये.

आपल्याकडे किंमत सर्वांत जास्त घसरते ती खंडेनवमीला. दरवर्षी पूजेआधी चिंच आणि राख लावून, हल्ली पॉलिश पेपरने, बंदूक लख्ख केली जाते. त्यात शिक्के झिजतात आणि जुना काळसर रंग निघून जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण घरच्यांनी ती श्रद्धेनेच घासलेली असते. संग्राहक मात्र चमकणाऱ्या नळीपेक्षा काळवंडलेली, अक्षरं शाबूत असलेली नळी घेतो. घोडा बदललेला आहे का, दस्त्याला नवीन लाकडाचा जोड आहे का, स्क्रूच्या खाचा ओरबाडल्यात का, हेही बघा. यातलं काहीही आढळलं तर भाव खाली आणा.

दीड लाखाचा आकडा त्याने बहुधा परदेशी लिलावांचे भाव बघून काढलाय. ते भाव तुमच्या कामाचे नाहीत. शंभर वर्षांवरची अशी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं गिऱ्हाईक इथलंच, परवाना असलेलं आणि जुन्याची हौस असलेलं. अशी माणसं मोजकी असतात. चालवायला घेणारा माणूस तर ठासणीपेक्षा काडतुसाची बंदूक बघतो. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या दोन-तीन परवानाधारक दुकानदारांना एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही ही केवढ्याला घ्याल?’ ‘किती किमतीची असेल’ असं विचारू नका, तोंडभर आकडा ऐकायला मिळेल.

अदलाबदलीत दोन्ही वस्तूंचे रोख भाव कागदावर लिहा. बुलेट रोखीने केवढ्याला जाईल हे तुम्हाला ठाऊक आहे. तेवढे पैसे हातात असते तर तुम्ही हीच बंदूक विकत घेतली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर बुलेट ठेवा. ‘हो’ असेल, तर बंदूक त्याच्या परवान्यावर नोंदलेली आहे ना आणि तिच्यावरचा नंबर परवान्यातल्या नंबराशी जुळतो ना, हे स्वतः पडताळा. परवानगी तुमच्या हातात पडेपर्यंत बुलेटचं आरसी बुक आणि किल्ली देऊ नका, फार घाई करत असेल तरी नाही.

त्या पट्टीवर सिंहाशिवाय साल किंवा अक्षरं असतील, तर जशीच्या तशी उतरवून इथे लिहा. त्यावरून काळ बराच नेमका सांगता येईल.