कॅलेडियम मेलं नाहीये, झोपलंय

प्रश्न: गणपतीच्या आधी नर्सरीतून कॅलेडियम आणलं होतं, गुलाबी पानं आणि हिरवे काठ, घरी येणारा प्रत्येक जण हात लावून बघायचा की खरं आहे का प्लास्टिकचं. दिवाळीनंतर एकेक पान पिवळं पडून मान टाकायला लागलं. मी पाणी वाढवलं, खत घातलं, जागा बदलली. आता जानेवारीत कुंडीत नुसती माती उरलीय. माझं काय चुकलं?
एक ताई, मुलुंड

उत्तर: ताई, पाणी आणि खत वाढवलंत तेवढंच चुकलं, आणि ती चूक आपण सगळेच करतो कारण झाड वाळायला लागलं की आपला हात आपोआप मगाकडे जातो. कॅलेडियम हे कंदाचं झाड आहे, अळूच्याच घराण्यातलं, मूळ दक्षिण अमेरिकेतलं. तिकडे पावसाचे महिने वेगळे आणि कोरडे महिने वेगळे, त्यामुळे पावसात पानं काढायची आणि कोरड्यात सगळं आवरून कंदात जाऊन बसायचं असा याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. मुंबईत पाऊस ऑक्टोबरमध्ये जातो, दिवस लहान होत होत डिसेंबरात साधारण 11 तासांवर येतो, हवा कोरडी होते, की हे पानं टाकायला लागतं. गावाकडे परसातली हळद बघितली असेल ना, श्रावणात पातोळ्यांना पानं देते आणि थंडीत आडवी होते, अगदी तसंच. हळद वाळली म्हणून कोणी रडत नाही, उलट काढायला आली म्हणतात.

मी पण शहाणी नव्हते. पहिल्या वर्षी अख्खी कुंडी सोसायटीच्या खतखड्ड्यात उपडी करून आले होते, मेलं म्हणून. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच खड्ड्याच्या कडेला भोपळ्याच्या साली आणि निर्माल्यातून लाल शिरांची दोन पानं वर आलेली दिसली. माळीकाका म्हणाले, "तुमचंच आहे, न्या परत." काय बोलणार, नेलं.

तर आता काय करायचं. आधी माती बोटाने उकरून कंद चाचपा. छोट्या बटाट्यासारखा घट्ट लागला तर जिवंत आहे. दाबल्यावर पिचपिचला आणि वास आला तर मात्र गेला, तो टाका आणि मनाला लावून घेऊ नका. घट्ट असेल तर पाणी बंद, कुंडी खिडकीच्या ग्रिलमधून काढून घरात कोरड्या सावलीच्या कोपऱ्यात सरकवा, वर खडूने "कॅलेडियम" लिहा नाहीतर घरातलं कोणीतरी रिकामी कुंडी समजून त्यात कोथिंबीर पेरेल (पेरतातच). फार कोरडं वाटलं तर महिन्यातून एकदा अर्धी वाटी पाणी, बस. यूट्यूबवर सांगतात की थंडीआधी कंद खणून काढा, ते तिकडच्या हिशोबाने बरोबर आहे, जगातले कॅलेडियमचे बहुतेक कंद अमेरिकेत फ्लोरिडातल्या लेक प्लॅसिड गावाच्या आसपास पिकतात आणि याला 15 अंशांच्या खालचा गारठा सोसत नाही. आपल्या मुंबईतल्या फ्लॅटमध्ये तेवढी थंडी पडत नाही, कंद कुंडीतच राहिला तरी चालतं. भिजत राहिला तर नाही चालत.

मेच्या मध्यावर कुंडी पुन्हा बाहेर काढायची. जुनी माती झटका, आणि नर्सरीवाले मुळांभोवती जो लाल चिकट मातीचा गोळा ठेवतात तो तर पूर्ण फोडाच, पावसात त्याचा चिखल होतो आणि वाळला की वीट. मी एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि मूठभर जाड वाळू असं कालवते. कंदाच्या ज्या बाजूला डोळे आहेत ती वर करून साधारण 2 इंच खोल लावायचा. उलटा लागला तरी उगवतं, फक्त वळसा घालून यायला वेळ लागतो. झाड दाट हवं असेल तर मधला सगळ्यात मोठा डोळा चाकूच्या टोकाने कोरून टाका, मग बाजूचे छोटे डोळे जागे होतात, पानं जरा लहान येतात पण पुष्कळ येतात. कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. मुंबईत पावसाची सरकारी तारीख 11 जून, त्याच्या आगेमागे गुंडाळलेल्या चिठ्ठीसारखा पहिला कोंब वर येतो आणि मग चिठ्ठी उलगडायला लागली की दिवसातून चार वेळा जाऊन बघितलं जातं. एकदा पानं आली की पाणी भरपूर द्या, पण कुंडीखालच्या ताटलीत साठू देऊ नका. डासांचं आहेच, पालिकेची माणसं तपासणीला आली की पहिली नजर त्या ताटल्यांवरच जाते.

प्रश्न: आमच्या कॅलेडियमची नवीन पानं हिरवीच येतायत, गुलाबी रंग गेला, देठ पण लांबच लांब. नर्सरीवाल्याने फसवलं का?
एक काका, गिरगाव

उत्तर: फसवलं नसावं, काका. समोरच्या बिल्डिंगने तुमचा उजेड खाल्लाय असं वाटतंय. पानाच्या गुलाबी-पांढऱ्या भागात हरितद्रव्य अगदी कमी असतं, त्यामुळे उजेड कमी पडला की झाड हिरवा भाग वाढवतं आणि देठ ताणून उजेड शोधतं. कुंडीजवळ दुपारी बारा वाजता दिवा न लावता पेपर वाचता येत नसेल तर जागा बदला. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन उत्तम, दुपारचं नको, त्याने पांढरा भाग पापडासारखा भाजतो. आणि युरिया घालत असाल तर थांबवा, जास्त नत्राने पण पानं हिरवी होतात.

प्रश्न: सासूबाई म्हणतात अळूच आहे, चिंच लावून वड्या होतील. होतील का?
एक वाचक, डोंबिवलीहून रोज मुंबईत येणारी

उत्तर: नाही, नाही आणि नाही! अळूत असतात तसे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात, पण हा खाण्याचा अळू नाही, चिंच-आमसूल कितीही लावा. तोंडाची आणि घशाची आग होते, सूज येते. लहान मुलाने किंवा मांजराने पान चावलं तर तोंड ओल्या फडक्याने पुसा, गार पाणी किंवा थोडं दूध द्या, आणि सूज वाढली किंवा श्वासाला त्रास वाटला तर वाट न बघता मुलाला डॉक्टरकडे आणि मांजराला प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. कंद कापताना आपल्यालाही हाताला खाज येते, प्लास्टिकची पिशवी हातात घालून कापा. वड्यांसाठी बाजारातून काळ्या देठाचा अळू आणा, आणि तो घरी लावलेला असेल तर या कुंडीच्या शेजारी ठेवू नका, संध्याकाळी घाईत पानं खुडताना कोण बघतंय.