वाचलेलं डोक्यात राहत नाही

प्रश्न : ताई, रोज तासन्‌तास वाचते, पुस्तकभर हायलाइट करते, तरी पेपरात आठवत नाही. काय चुकतंय?

उत्तर : अगं, मेहनत कमी नाहीये, तू नुसती वाचतेयस, आठवून बघत नाहीस. धडा झाला की पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, अडलं तरी लगेच उघडू नकोस, त्या धडपडीतच ते पक्कं होतं. मग उद्या परत, तीन-चार दिवसांनी परत. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवलंय की सगळ्यात जास्त विसर सुरुवातीच्या काही तासांतच पडतो, म्हणून पहिली उजळणी लांबवू नकोस. आणि झोप मोडून अभ्यास अजिबात नको गं, मला त्याचीच जास्त काळजी वाटते, शिकलेलं मेंदूत बसायला झोप लागतेच.