होसूरची नोकरी घ्या, पण पत्नीचा राजीनामा मागू नका

नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, तुम्ही १४ वर्षं क्वालिटी विभागात आहात. आता तमिळनाडूतल्या, बेंगळुरूजवळच्या होसूरमधून एका वाहन कंपनीचं बोलावणं आलंय. काम सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे पुरवठादारांच्या मालाचा दर्जा तपासण्याचं, पगार आजच्या दीडपट. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. मुलगी आठवीत आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. घरी आई आहेत. पत्नी ‘मला नाही जमणार’ एवढंच म्हणतात. मोठ्या भावानं समजावलं, सासऱ्यांनीही समजावलं, तरी त्या ऐकत नाहीत. ‘तिला कसं पटवू?’ हा तुमचा प्रश्न.

आधी तुमच्या नोकरीबद्दल. ती चांगली आहे आणि तुम्ही घ्यावी असं मला वाटतं. आजवर तुम्ही ग्राहकाच्या ऑडिटला सामोरे गेलात, परत आलेल्या कास्टिंगमधले ब्लोहोल, म्हणजे ओतीव भागात वायूमुळे पडलेली छिद्रं, कुठून आले ते शोधत बसलात. आता ऑडिट करायला जाणारे तुम्ही असाल. साच्याच्या वाळूपासून मशिनिंगपर्यंतचं सगळं हातानं केलेला माणूस त्या खुर्चीवर बसला की त्याला फार किंमत येते. एखाद्या कुटुंबाच्या मालकीच्या फौंड्रीत क्वालिटी मॅनेजरच्या वर सहसा जागा नसते, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी असं बोलावणं पुन्हा येईलच असं नाही. तुमची तळमळ मला पूर्ण समजते.

पण तुमच्या तीन पानी पत्रात पगार, पद, क्वार्टर, बेंगळुरूची हवा, सगळं आहे आणि पत्नीच्या नोकरीवर फक्त एक वाक्य आहे: ‘तिथंही एखाद्या शाळेत मिळेल तिला.’ मी थांबले ती याच वाक्यापाशी, कारण ते बरोबर नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली जिल्ह्यात होते, आंतरजिल्हा होते. दुसऱ्या राज्यात होत नाही. होसूरला जाणं म्हणजे त्यांच्यासाठी राजीनामा. त्या २००९ साली लागल्या असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली. मग शाहूवाडीच्या अवघड क्षेत्रातली शाळा, पावसाळ्यातला तो रोजचा प्रवास, आणि आता कुठं करवीर तालुक्यात, घरापासून वीस मिनिटांवर शाळा मिळाली. त्यांचं वय ४१ आहे. खुल्या गटाला सरकारी भरतीची कमाल वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. राजीनामा दिल्यावर परत यायचं म्हटलं तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल हे सगळं नव्यानं आणि तेही वयात बसलं तरच. मराठी माध्यमातून डी.एड. केलेल्या आणि आयुष्यभर मराठीतून शिकवलेल्या बाईंना होसूरमध्ये जी खासगी शाळा घेईल, ती आजच्या पगाराच्या जवळपासही देणार नाही. तुमच्यासमोर बढती आहे. त्यांच्यासमोर इतक्या वर्षांच्या नोकरीचा शेवट आहे. ‘मला नाही जमणार’ या तीन शब्दांत हे सगळं असणार. भावानं आणि सासऱ्यांनी समजावल्यावर तर त्यांना बोलायला जागाच उरली नसेल.

आता मुलगी. तिच्या वैद्यकीय प्रवेशाचा मुद्दा तुमच्या पत्रात नाहीच, आणि माझ्या मते सगळ्यात तातडीचा तोच आहे. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत यायचं तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावं लागतं. काही सवलती आहेत, पण त्या प्रामुख्यानं सरकारी सेवेत राज्याबाहेर नेमणूक झालेल्यांच्या मुलांना. वडील खासगी नोकरीसाठी बाहेर गेले, तर त्या लागू होत नाहीत. मग तमिळनाडूचा कोटा मिळेल का? तिथं सहावी ते बारावी तमिळनाडूतच शिकलेलं असावं लागतं, नाहीतर कुटुंब मूळचं तिथलं असावं लागतं. आठवी संपवून तिथं गेलेली मुलगी इकडच्या कोट्यात नाही आणि तिकडच्याही नाही. उरतात अखिल भारतीय कोट्यातल्या जागा आणि अभिमत विद्यापीठं, ज्यांची फी तुमचा वाढलेला पगारही पेलणार नाही. आपल्या कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तिला राज्याच्या कोट्यातून जागा मिळण्याची आशा ठेवायची असेल, तर तिनं दहावी-बारावी इथूनच करायला हवी. (अभियांत्रिकीचं इतकं कडक नाही. आई किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असलं तर बाहेरून बारावी झालेल्यांनाही राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत वाट आहे.) नियमांची माहितीपुस्तिका राज्याचा प्रवेशपरीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, दरवर्षी काढतो. ती दोघांनी मिळून वाचा.

शाळेच्या भाषेचाही विचार करा. तमिळनाडूत २००६ च्या कायद्यानं राज्य मंडळाच्या शाळांत दहावीपर्यंत तमिळ सक्तीचं आहे. सेमी इंग्रजीत शिकलेल्या मुलीनं नववीत नवी लिपी गिरवायची, की नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा पाया घालायचा?

म्हणून माझा सल्ला असा. नोकरी घ्या आणि पहिली चार वर्षं, म्हणजे मुलीची बारावी होईपर्यंत, एकट्यानं जा. हे ऐकून वाईट वाटेल, पण होसूर काही दुबई नाही. शिरोलीच्या दारावरून जाणारा महामार्गच बेंगळुरू ओलांडून होसूरला जातो, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापुरातून बेंगळुरूला रात्रीच्या बस आहेत, मिरजेतून रेल्वे आहे. महिन्यातून दोनदा येणं कष्टाचं आहे, अशक्य नाही. शिवाय प्राथमिक शिक्षिकेला उन्हाळ्याची सुट्टी असते. मे महिन्यात पत्नी आणि मुलगी तुमच्याकडे येऊन राहू दे. तेव्हा कंपनीच्या गेस्टहाऊसमध्ये नको, भाड्याच्या घरात राहा. बाजार, दवाखाना, शेजार त्यांना स्वतः पाहू दे. ‘तिथं सगळं छान आहे’ असं तुम्ही सांगण्यापेक्षा हे फार बरं.

यात सगळ्यात जड ओझं पत्नीवर पडणार आहे, हे आत्ताच मान्य करा. शाळा, मुलीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, सगळं एकटीवर. म्हणून वाढलेल्या पगारातला पहिला खर्च त्या ओझ्यावर व्हावा: आईंसाठी दिवसभराची बाई, स्वयंपाकाला मदत. आईंच्या दवाखान्याची जबाबदारी मोठ्या भावावर लेखी म्हणावी इतकी स्पष्ट सोपवा. भावजयीनं घर सोडावं असं सांगायला ते आले होते, तर हे त्यांनी आनंदानं करायला हवं.

चार वर्षांनी काय? तेव्हा दोघांनी नव्यानं ठरवायचं, आणि ‘नाही’ हे उत्तरही चालेल असं तुम्ही आज मनापासून म्हणू शकला पाहिजेत. त्यांना यावंसं वाटलं, तर राजीनाम्याआधी विनावेतन असाधारण रजा मिळू शकते का, हे शिक्षण विभागात विचारा. मंजुरी प्रशासनाच्या हातात असते, पण अर्ज करून बघायला हवा.

दुसरी वाट मला जास्त आशेची वाटते. वाहन कंपन्या पुरवठादारांच्या पट्ट्यात आपला माणूस ठेवतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव हा देशातल्या मोठ्या फौंड्री पट्ट्यांपैकी एक आहे आणि तुम्ही इथल्या फौंड्र्या आतून ओळखता. वर्ष-दोन वर्षं होसूरमध्ये काम शिकून, विश्वास कमावून, या पट्ट्याचे रेसिडेंट इंजिनिअर, म्हणजे कंपनीचे इथं राहून काम पाहणारे अभियंता, म्हणून परत येण्याची मागणी तुम्ही करू शकता. ती मुलाखतीच्या शेवटच्या फेरीतच बोलून ठेवा. आज ‘हो’ म्हणणार नाहीत कदाचित, पण मागणी नोंदली जाईल.

घरी बोलाल तेव्हा दोघंच बसा. रंकाळा तलावावर जा, कुठंही जा, पण तिसरं माणूस नको. एका कागदावर दोघांच्या नोकऱ्या शेजारीशेजारी लिहा: हातात येणारा पगार, निवृत्तीपर्यंतची वर्षं, निवृत्तीनंतरचं, सोडली तर परतीची वाट. तुमच्या बाजूला होसूरचं घरभाडं, दुसऱ्या चुलीचा खर्च आणि येण्याजाण्याचं भाडंही लिहा, म्हणजे दीडपट पगारातलं खरं किती उरतं ते कळेल. मग त्यांना विचारा, ‘तुला कशाची भीती वाटते?’ आणि उत्तराला लगेच उपाय सांगू नका. तुम्हाला ही नोकरी का हवी आहे, तेही सांगा. पगाराचं नव्हे, मनातलं. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या ऑडिटला उभं राहिल्यावर एकदा समोरच्या खुर्चीवर बसावंसं वाटतं, हे तुम्ही मला लिहिलंत. त्यांना कधी सांगितलंय का?

कंपनीकडे या आठवड्यात एवढं विचारा: सीटीसीतलं, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण वार्षिक पगारातलं, हातात किती, प्रोबेशन किती महिने, कुटुंब नंतर आलं तरी स्थलांतराचा खर्च मिळेल का, शनिवार सुट्टीचा आहे का. महिन्यातून दोनदा घरी येणं जमेल की नाही, हे त्या शनिवारावरच ठरेल. उत्तरं लेखी घ्या, आणि ती हातात आल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नका.