2025 मध्ये भारताच्या फुटबॉल संघांची कामगिरी खरंच इतकी वाईट होती का?

तुम्ही सिडनीत राहता, भारताच्या फुटबॉलच्या बातम्या अधूनमधून दिसतात आणि त्या सगळ्या हरल्याच्या असतात. बांगलादेशाकडूनही हरल्याचं वाचलं, म्हणून विचारताय की हे वर्ष आजवरचं सगळ्यात वाईट म्हणायचं का.

पुरुषांच्या मुख्य संघाचं विचारत असाल, तर माझ्या पाहण्यात इतकं जिव्हारी लागणारं वर्ष दुसरं नाही. पण तुम्ही 'भारताचे संघ' असं लिहिलंय, आणि तिथे उत्तर बदलतं. 2025 मध्ये भारताचे सहा संघ आशियाई स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या खेळले. त्यांतले चार पात्र ठरले. महिलांचे तीन संघ उतरले, तिन्ही पात्र ठरले. हे याआधी कधीच झालं नव्हतं, आणि आपल्याकडे पहिल्या पानावर ते जवळपास कुठेच आलं नाही.

आधी कडू भाग सांगतो. 2024 हे अख्खं वर्ष पुरुष संघ एकही सामना न जिंकता खेळला होता. त्या जूनमध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च 2025 मध्ये परत बोलावावं लागलं, वयाच्या चाळिशीत. शिलाँगला मालदीवविरुद्ध 3-0 जिंकलो, छेत्रीने कारकिर्दीतला 95 वा गोल केला. नोव्हेंबर 2023 मध्ये कुवेतला त्यांच्याच घरी हरवल्यानंतरचा तो पहिला विजय. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा होता, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा, त्यामुळे आमच्याकडे त्या रात्री जरा जास्तच आनंद होता. पण तो मैत्रीपूर्ण सामना होता. खरी परीक्षा 2027 च्या आशिया चषकाच्या पात्रतेची. गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर. पहिला येणारा एकच संघ पुढे जाणार, आणि सोडतीत सगळ्यात वरचं मानांकन आपलं. कागदावर यापेक्षा सोपा गट मागूनही मिळाला नसता.

सहा दिवसांनी त्याच शिलाँगमध्ये बांगलादेशाशी 0-0. इंग्लंडमध्ये घडलेला हमझा चौधरी त्यांच्याकडून पहिल्यांदाच खेळत होता, आणि मैदानभर तोच दिसत होता. जूनमध्ये हाँगकाँगच्या नव्या काई ताक स्टेडियमवर भरपाई वेळेत पेनल्टी दिली आणि 0-1 हरलो. समोरच्या बाकावर प्रशिक्षक होते ॲशली वेस्टवूड, ज्यांनी एकेकाळी बंगळुरू एफसीला आपल्याच देशात विजेतेपद मिळवून दिलं होतं. जुलैच्या सुरुवातीला आपले स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ पायउतार झाले. फिफाच्या क्रमवारीत संघ 133 वर घसरला. दोनच वर्षांपूर्वी, जुलै 2023 मध्ये, तो 99 वर होता.

मग खालिद जमील आले. कुवेतमध्ये जन्मलेला, पण फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक म्हणून मुंबईत घडलेला माणूस. मुंबई एफसी त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली, आणि 2016-17 मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली, तीही मोठ्या क्लबांच्या तुलनेत अगदी तुटपुंज्या पैशांत. गोव्याचे सावियो मदेरा 2012 मध्ये गेल्यानंतर भारतीय माणसाला पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षकपद मिळालं ते तेरा वर्षांनी. सुरुवातही सुरेख झाली. ताजिकिस्तानात मध्य आशियाई फुटबॉल संघटनेची काफा नेशन्स कप ही स्पर्धा होती, तिथे यजमानांनाच 2-1 हरवलं. इराणकडून 0-3, अफगाणिस्तानशी 0-0, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानविरुद्ध 1-1 नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये विजय. आपला गोलरक्षक गुरप्रीतने शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा मला मनापासून वाटलं की गाडी रुळावर आली.

ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला जाऊन दहा खेळाडूंनिशी 1-1 केलं. दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीलाच संदेश झिंगनला लाल कार्ड मिळालं होतं, आणि 90 व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. परतीचा सामना 14 ऑक्टोबरला मडगावला, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर. मी तिथे होतो. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून असा काही चेंडू मारला की माझ्या शेजारी बसलेले आजोबा उभेच राहिले. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-यंगने बरोबरी केली, 58 व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. पुढचा अर्धा तास आपण चेंडू उंच उडवत राहिलो, आत कोणी योग्य जागी पोहोचतच नव्हतं. तिथेच आशिया चषकाची वाट बंद झाली. सिंगापूर त्या गटातून पुढे गेलं, यजमानपदाच्या आधाराशिवाय पहिल्यांदाच.

तुम्ही वाचलेला पराभव त्यानंतरचा, 18 नोव्हेंबरचा. ढाक्यात शेख मोरसालिनने सुरुवातीलाच गोल केला आणि 0-1 हरलो. बांगलादेशाने आपल्याला हरवलं ते 2003 नंतर पहिल्यांदाच. क्रमवारी 142 वर गेली. त्या शिबिरात रायन विल्यम्स होता. पर्थचा खेळाडू, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून तो भारतीय झाला. पण कागदपत्रं वेळेत पूर्ण झाली नाहीत आणि ढाक्यात तो खेळू शकला नाही.

हे असं का झालं, यावर लोक लगेच 'आपल्याकडे गुणवत्ताच नाही' म्हणतात. मला ते पटत नाही. गोल करणारा माणूस आपण तयारच केला नाही, हे माझ्या मते पहिलं कारण. आपल्या लीगमध्ये क्लबांनी मधल्या आघाडीवीराच्या जागी कायम परदेशी खेळाडू घेतले, आणि भारतीय मुलांना कडेला नाहीतर बाकावर बसवलं. म्हणून चाळिशीतल्या छेत्रीशिवाय आपलं पान हलेना. दुसरं कारण त्याहून गंभीर आहे: 2025 मध्ये लीगच थांबली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि आपली मुख्य लीग, म्हणजे इंडियन सुपर लीग, चालवणारी कंपनी यांच्यातला 15 वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपत होता, नवा ठरेना, म्हणून जुलैमध्ये नवा हंगाम स्थगित झाला. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, त्याचा निकाल सप्टेंबरमध्ये लागला. पण त्यानंतर व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. डिसेंबर आला तरी लीगचा पहिला सामना झालेला नव्हता. राष्ट्रीय संघाचे खेळाडू ऐन हंगामात लीगच्या सामन्यांविना होते. अशा पायांकडून नव्वद मिनिटांचा दम कुठून आणणार? खालिदना दोष देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आता महिलांकडे येतो.

2022 चा महिला आशिया चषक आपल्याकडे होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. इराणशी पहिला सामना 0-0 झाला, आणि मग संघात इतक्या जणींना कोविड झाला की चायनीज तैपेईविरुद्ध संघच उभा करता आला नाही. स्पर्धेतून बाहेर, झालेला निकालही रद्द. घरच्या मैदानावर, एकही गोल न खाता. डी. वाय. पाटील स्टेडियमवरची ती संध्याकाळ मला आजही बोचते. यजमान म्हणून मिळालेली जागा अशी गेल्यावर बरेच जण म्हणाले की स्वतःच्या बळावर या मुली तिथे कधीच पोहोचणार नाहीत.

जून 2025 मध्ये त्या पात्रता फेरीसाठी थायलंडच्या चियांग माईला गेल्या. गटातला पहिला संघच पुढे जाणार होता, आणि गटात यजमान थायलंड होता, 2015 आणि 2019 चे विश्वचषक खेळलेला. त्याआधी बंगळुरूत लांब शिबिर झालं होतं. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री, ज्यांनी ओडिशा एफसीच्या मुलींना इंडियन विमेन्स लीग जिंकून दिली होती. शिबिर संपताना उझबेकिस्तानकडून दोन सराव सामने हरलो होतो, त्यामुळे कुणाला फारशी आशा नव्हती.

मंगोलियाविरुद्ध 13-0. ओडिशाच्या प्यारी शाशाचे पाच गोल. तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0. थायलंडनेही आपले तिन्ही सामने जिंकलेले. 5 जुलैला दोघी समोरासमोर आल्या तेव्हा नऊ-नऊ गुण आणि गोलफरकही सारखाच. 28 व्या मिनिटाला संगीता बसफोरने गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडची बरोबरी. घरच्या प्रेक्षकांचा गलका, उकाडा, आणि आपल्या मुली मागे ढकलल्या जातायत असं वाटत असताना 74 व्या मिनिटाला परत संगीता. 2-1. उरलेला वेळ त्यांनी ज्या निग्रहाने बचाव केला, तो शक्य झाला तर मिळवून पाहाच. संगीता बंगालमधल्या कल्याणीची, सशस्त्र सीमा बलात नोकरी करते, मधली फळी सांभाळते. गुडघ्याच्या दुखापतीने बराच काळ बाहेर होती. गोल करणं हे तिचं कामही नाही! चार सामने, 24 गोल केले, एकच खाल्ला, आणि भारताचा महिला संघ पात्रता फेरी जिंकून आशिया चषकाला जाण्याची ही पहिलीच वेळ.

पुढच्याच महिन्यात 20 वर्षांखालील मुलींनी म्यानमारमध्ये तेच केलं. इंडोनेशियाशी 0-0, तुर्कमेनिस्तानला 7-0, आणि यांगोनमध्ये यजमानांविरुद्ध पूजाचा एकमेव गोल. 2006 नंतर पहिल्यांदाच हा संघ आशियाई स्पर्धेत. ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालच्या मुली बिश्केकला गेल्या. उझबेकिस्तानविरुद्ध एका गोलने मागे, आणि राखीव म्हणून उतरलेल्या थंडामोनी बास्केने बरोबरी केली, अनुष्का कुमारीने दुसरा मारला. 2-1. या दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकच, स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन. एकच माणूस दोन वयोगट सांभाळत असला की मुलींना वरच्या संघात जाताना खेळ नव्याने शिकावा लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

चौथा संघ 17 वर्षांखालच्या मुलांचा. प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस, 2018 मध्ये आपल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारे. अहमदाबादला नोव्हेंबरअखेर शेवटचा सामना इराणशी होता, जिंकायलाच हवा असा. लेबनॉनकडून 0-2 हरून आलेली पोरं, त्यात पहिला गोल इराणचा. मध्यंतराआधी डल्लालमुओन गंगतेची पेनल्टी, मग गुनलेइबाचा गोल, 2-1. इराणला कुठल्याही वयोगटात हरवणं ही साधी गोष्ट नव्हे. ढाक्याच्या पराभवाला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते.

23 वर्षांखालचा संघ थोडक्यात राहिला. दोहामध्ये बहरीनला 2-0 हरवलं, ब्रुनेईला 6-0, कतारकडून 1-2 हार. उपविजेत्यांतल्या सर्वोत्तम संघांत जागा मिळाली नाही, एवढंच.

सगळं गोड आहे असंही नाही. ऑक्टोबरमध्ये शिलाँगला महिला संघ इराण आणि नेपाळ दोघांकडून हरला, आणि चियांग माईची लय दिसलीच नाही. महिलांच्या लीगमध्ये आठच संघ, म्हणजे प्रत्येकीला वर्षभरात लीगचे चौदा सामने. जपानची खेळाडू युरोपात एका हंगामात याच्या दुप्पट-तिप्पट खेळते. शिबिर लांब असलं की संघ बांधला जातो, हे आपण पाहिलं, पण शिबिर हा लीगचा पर्याय होऊ शकत नाही. आणि आशिया चषक ही ब्राझीलमधल्या 2027 च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही आहे, त्यामुळे आता तयारीत कसूर झाली तर ती कुणालाही माफ करता येणार नाही.

तो आशिया चषक मार्च 2026 मध्ये तुमच्याच देशात आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. बारा संघ, तीन गट. प्रत्येकातले पहिले दोन आणि तिसऱ्यांतले दोन सर्वोत्तम उपांत्यपूर्व फेरीत जातात, आणि तिथून पुढे विश्वचषकाची दारं उघडतात. जपानला हरवणं अवघड आहे, हे मान्य. म्हणून हिशेब व्हिएतनाम आणि तैपेईच्या सामन्यांवर ठरेल. पहिले दोन सामने पर्थला आहेत, पण तैपेईचा, म्हणजे 2022 मध्ये जो खेळताच आला नाही तोच, 10 मार्चला वेस्टर्न सिडनी स्टेडियमवर आहे, पॅरामाटाला. हॅरिस पार्क आणि वेस्टमीडची आपली माणसं तिथून हाकेच्या अंतरावर राहतात. तिकिटं काढा, ओळखीपाळखीच्या चार घरांना सांगा, मुलींना घेऊन जा. प्यारी, मनीषा कल्याण, संगीता, पांथोई ही नावं त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणाच्या नावाने ओरडायचं ते त्यांना ठाऊक असेल.