तक्रार बंद करायचा फोन आला तर?

प्रश्न : घरासमोरचं ड्रेनेज तुंबलंय म्हणून १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या सीएम हेल्पलाइनवर, तक्रार टाकली, तर फोन आला, 'काकू, बंद करून टाका ना, काम होऊन जाईल.' करू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अजिबात नाही काकू! आधी काम. सीएम हेल्पलाइनची तक्रार पहिले एल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या अधिकाऱ्याकडे जाते, मुदतीत सुटली नाही की एल-२, एल-३ करत एल-४ पर्यंत वर चढते, म्हणून तर खालच्यांना घाई असते. तुम्ही 'समाधान झालं' म्हटलंत की सगळं तिथेच थांबलं. गोड बोलून काढलेला असा होकार म्हणजे मला तरी सरळ फसवणूकच वाटते. ड्रेनेजचा फोटो तारखेसकट ठेवा, तक्रार नंबर वहीत लिहा. आणि दाखलेबिखले अडले तर २०१० चा लोकसेवा हमी कायदा आहे, आपल्या मध्य प्रदेशनंच देशात पहिल्यांदा केला, उशीर झाला तर अधिकाऱ्याला दंड बसतो.